विसरलेल्या वाक्याचा संस्कार

एखादे वाक्य कानावर पडले, त्याचा अर्थ कळला आणि पुढे ते वाक्य विसरले. यानंतर त्या वाक्याचे काय होते? सामान्य समजूत अशी की अर्थ मनात राहतो आणि शब्दांचे कवच गळून पडते. नित्य निरूपण ऐकणाऱ्यांचा अनुभवही वरवर पाहता असाच आहे. श्रोता प्रमेय सांगतो, परंतु वक्त्याने ते कोणत्या वाक्यात मांडले हे त्यास सांगता येत नाही. ही समजूत अर्धी खरी आहे. उरलेले अर्धे मानसशास्त्र व भाषाविज्ञान यांच्या अभ्यासकांनी गेल्या चार दशकांत पुढे आणले. ज्या संप्रदायाचा आद्य ग्रंथ एकदा नष्ट होऊन स्मृतीच्या आधारे पुन्हा उभा राहिला, त्या संप्रदायाच्या अभ्यासकांना या विचाराची ओळख असणे उचित होय.

प्रथम खरे असलेले अर्धे पाहू. जॅकलिन सॅक्स या विदुषीने १९६७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. श्रोत्यांना काही उतारे ऐकवले. मधेच थांबवून उताऱ्यातील एक वाक्य पुन्हा म्हणून दाखवले. कधी जसेच्या तसे, कधी रचना बदलून, तर कधी अर्थ बदलून. वाक्य नुकतेच ऐकलेले असता श्रोत्यांना दोन्ही प्रकारचे बदल ओळखता आले. परंतु मध्ये सुमारे ८० अक्षरांइतका मजकूर गेला की अर्थातील बदल तेवढा ओळखू येई, रचनेतील बदल बहुधा ओळखू येत नसे. ८० अक्षरे म्हणजे अनुष्टुभ छंदाचे अडीच श्लोक. इतक्या थोड्या अवकाशात जाणत्या स्मृतीतून वाक्याची रचना निसटते.

मग ती गेली कोठे? या प्रश्नाचे एक उत्तर दुकानदारांकडून मिळाले. नेदरलँड्समधील नायमेखेन येथील विलेम लेव्हेल्ट यांनी स्टेफनी केल्टर यांच्यासह १९८२ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. दुकानदारांना दूरध्वनी करून ‘आपले दुकान किती वाजता बंद होते?’ एवढेच विचारायचे होते. डच भाषेत हा प्रश्न दोन प्रकारे विचारता येतो. एका प्रकारात वेळेच्या आधी ‘ओम’ हे शब्दयोगी अव्यय येते, दुसऱ्यात येत नाही. अर्थात काडीचाही फरक नाही. उत्तरातही तीच मोकळीक आहे. आढळले असे की प्रश्नात ‘ओम’ असेल तर उत्तरात ते येण्याकडे कल वाढतो, आणि प्रश्नात नसेल तर उत्तरातही ते गळते. दुकानदार कोणाचे अनुकरण करीत नव्हता. त्याचे लक्ष घड्याळाकडे आणि गिऱ्हाईकाकडे होते. तरीही प्रश्नाच्या घडणीने उत्तराची घडण ठरवली.

येथे शंका उपस्थित होईल. प्रश्नाला उत्तर देताना प्रश्नातलाच शब्द उचलला, तर यात रचनेचा संस्कार कसला? हा तर शब्दाचा प्रतिध्वनी झाला. शंका रास्त आहे, आणि तिचे समाधान १९८६ मध्ये कॅथरिन बॉक यांच्या प्रयोगाने झाले. या विषयाचा पाया तोच प्रयोग मानला जातो. बॉक यांनी सहभागी झालेल्यांना सांगितले की ही स्मरणशक्तीची परीक्षा आहे; वाक्ये ऐका, म्हणा, चित्रे पाहा, त्यांचे एका वाक्यात वर्णन करा, आणि आधी येऊन गेलेले काही पुन्हा आले तर सांगा. वाक्य आणि त्यामागून येणारे चित्र यांचा विषयाने काही संबंध नव्हता. उदाहरणार्थ, वाक्य असे की एका प्रेक्षकाने पंचाला ठोसा मारला. त्यानंतरचे चित्र चर्चवर वीज कोसळल्याचे. पंचाचे वाक्य कर्त्यापासून आरंभ होणारे ऐकले असेल तर चित्राचे वर्णनही बहुधा विजेपासून आरंभ होई. तेच वाक्य ‘पंच एका प्रेक्षकाकडून मारला गेला’ अशा धाटणीचे ऐकले असेल, तर ‘चर्च विजेकडून आहत झाले’ अशा धाटणीचे वर्णन येण्याचे प्रमाण वाढे. ठोसा व वीज, पंच व चर्च यांत समान काय आहे? केवळ वाक्याचा साचा.

मराठी वाचकाने येथे एक सावधगिरी बाळगावी. इंग्रजीतील ही रचना म्हणजे आपला नेहमीचा कर्मणि प्रयोग नव्हे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हेही मराठी व्याकरणात कर्मणि आहे, कारण क्रियापद कर्माप्रमाणे चालते. परंतु ते बोलताना कोणास वेगळी रचना निवडल्यासारखे वाटत नाही. इंग्रजीच्या रचनेशी जवळचा तो ‘आंबा रामाकडून खाल्ला गेला’ हा, ज्यास व्याकरणकार नवीन कर्मणि म्हणतात. मराठीत खऱ्या अर्थाने दोन वाटा उघड्या असलेले स्थळ हवे असेल तर दुसरे उदाहरण घ्यावे. ‘जो मनुष्य काल आला तो परत गेला’ आणि ‘काल आलेला मनुष्य परत गेला’. अर्थ एक, वाटा दोन. ‘मी येतो असे तो म्हणाला’ आणि ‘तो म्हणाला की मी येतो’ ही जोडीही तशीच. बोलणारा दर वेळी यांपैकी एक वाट धरतो, आणि ती आपण निवडली असे त्यास जाणवतही नाही. रचनेचा संस्कार काम करतो तो अशाच स्थळी. जेथे भाषेने एकच वाट ठेवली आहे तेथे त्यास काही करावयाचे उरत नाही.

आता हा संस्कार नेमका कशाचा, याचा विचार बराच झाला आहे. बॉक यांनीच १९८९ मध्ये दाखवले की दोन वाक्यांत संबंध दाखवणारा शब्द निराळा असला तरी साच्याचा परिणाम राहतो. १९९० मध्ये हेल्गा लोबेल यांच्यासह त्या एक पाऊल पुढे गेल्या. इंग्रजीत ‘बाय’ हा एकच शब्द ‘कडून’ या अर्थी येतो आणि ‘जवळ’ या अर्थीही येतो. विमान मनोऱ्याकडून सावध केले गेले, आणि विमान मनोऱ्याजवळ उतरत होते; ही दोन इंग्रजी वाक्ये अर्थाने अगदी भिन्न, पण त्यांचा बाह्य सांगाडा सारखा. आढळले असे की ‘जवळ उतरत होते’ या वाक्यानेही नंतरच्या वर्णनात ‘कडून’ची रचना वाढली. यावरून निष्कर्ष निघाला की संस्कार अर्थाचा नसून शुद्ध सांगाड्याचा आहे. हा निष्कर्ष जवळजवळ तीस वर्षे पाठ्यपुस्तकांतून सांगितला गेला. मग २०१९ मध्ये जेडन झीगलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा तपासला. ‘जवळ’ याच अर्थाचे, परंतु ‘बाय’ हा शब्द आणि तसे साहाय्यक क्रियापद टाळलेले वाक्य त्यांनी घेतले, तेव्हा परिणाम दिसेना. म्हणजे त्या एका प्रयोगात तरी शब्दाचा वाटा होता, आणि तो सांगाड्याच्या नावावर जमा झाला होता. साच्याचा संस्कार आहेच. मात्र तो शब्द आणि अर्थ यांपासून किती वेगळा काढता येतो, याविषयी आता पूर्वीइतक्या निश्चयाने बोलता येत नाही. शास्त्रचर्चेत सिद्धांत म्हणून मिरवलेले पुष्कळदा पूर्वपक्ष ठरते, त्यातलाच हा प्रकार.

क्रियापदाचा वाटा मात्र निर्विवाद आहे. मार्टिन पिकरिंग व होली ब्रॅनिगन यांनी १९९८ मध्ये अर्धवट वाक्ये पुरी करावयास देऊन दाखवले की आधीच्या व नंतरच्या वाक्यात एकच क्रियापद असेल तर संस्कार पुष्कळ बळावतो. काळ वा वचन बदलले तरी चालते. बॉक यांच्या १९८६ च्या लेखापासून २०१३ पर्यंतच्या ७३ शोधनिबंधांचा एकत्र पडताळा २०१६ मध्ये घेण्यात आला, त्यातही हेच दिसले. साच्याचा परिणाम टिकून आहे, आणि शब्दाची पुनरावृत्ती त्यास जोर देते.

हा संस्कार टिकतो किती, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि साधकवर्गाने येथे विशेष लक्ष द्यावे. तो क्षणिक असता, घंटेच्या नादासारखा विरून जाणारा असता, तर त्याचा विचार करण्याचे फारसे कारण नव्हते. बॉक व झेंझी ग्रिफिन यांनी २००० साली संस्कार करणारे वाक्य आणि चित्र यांच्यामध्ये दहा-दहा असंबद्ध वाक्ये घातली. तरीही परिणाम टिकला. पुढे रॉबर्ट हार्टसाउकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की समान क्रियापदामुळे मिळणारा जादा जोर लवकर ओसरतो, पण साच्याचा मूळ परिणाम मागे राहतो. म्हणजे येथे दोन वस्तू आहेत. एक शब्दाची आठवण, ती अल्पजीवी. दुसरी अधिक खोल, तिला आठवण म्हणणेही कठीण.

कठीण अशासाठी की त्याच वर्षी व्हिक्टर फरेरा, बॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांना नव्याने घडलेले ध्यानात राहत नाही. नुकतेच ऐकलेले वाक्य आपण ऐकले होते की नाही, हे ओळखण्यात ते निरोगी माणसांपेक्षा फार मागे पडले. परंतु त्याच वाक्याच्या साच्याचा परिणाम त्यांच्या बोलण्यात निरोगी माणसांप्रमाणेच उतरला.

न्यायशास्त्रात संस्काराचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी भावना हा अनुभवापासून उत्पन्न होतो आणि स्मृतीला कारण होतो. या रुग्णांच्या ठायी अनुभव आहे, संस्कार आहे, पण स्मृती नाही. आणि स्मृतीवाचून तो संस्कार वाणीत कार्य करीत आहे. नैयायिकांच्या चौकटीत यास कोठे बसवावे हा स्वतंत्र चर्चेचा विषय होईल. आधुनिक अभ्यासक यास न कळत होणारे शिक्षण म्हणतात. फ्रँकलिन चँग, गॅरी डेल व बॉक यांनी २००६ मध्ये त्याची उपपत्ती मांडली. ऐकणारा मनुष्य पुढे कोणता शब्द येईल याची अटकळ सतत बांधीत असतो. अटकळ चुकली की मनातील भाषेची घडी किंचित हलते, आणि ती हललेली घडी पुढच्या बोलण्यात दिसते. मूल भाषा शिकते ते याच मार्गाने, आणि प्रौढ मनुष्यही मरेपर्यंत शिकतच असतो. या उपपत्तीवरून एक अपेक्षा निघते. जी रचना विरळ, ती अधिक चकित करणार, म्हणून तिचा संस्कारही अधिक असणार. प्रयोगांत ही अपेक्षा बऱ्याच अंशी खरी ठरली. नित्याच्या रचनेने फारसा फरक पडत नाही. अपरिचित रचना एकदा ऐकली तरी ओढ लावते.

दोघे बोलत असता हा परिणाम वाढतो, हे ब्रॅनिगन, पिकरिंग व अलेक्झांड्रा क्लेलँड यांनी २००० साली दाखवले. एका भाषेतून दुसऱ्या भाषेतही तो जातो. हार्टसाउकर व सहकाऱ्यांच्या २००४ च्या प्रयोगात स्पॅनिश भाषेत कर्मप्रधान वाक्य ऐकलेले द्वैभाषिक लोक पुढील चित्राचे वर्णन इंग्रजीत करताना तीच रचना अधिक वेळा वापरीत होते. यावरून कोणी म्हणेल की आजच्या मराठीतील ‘निर्णय घेण्यात आला’, ‘सूचना देण्यात आल्या’ ही सगळी इंग्रजीची छाया. तसे एकदम म्हणू नये. जर्मन व इंग्रजी यांच्यावरील लोबेल व बॉक यांच्या २००३ च्या प्रयोगात, शब्दक्रम निराळा असलेल्या कर्मप्रधान रचनेचा असा परिणाम एका भाषेतून दुसरीत गेल्याचे दिसले नाही. मराठी व इंग्रजी यांचा शब्दक्रम तर याहून दूरचा. शिवाय ही वाक्ये मराठी वाचकाच्या डोळ्यांखालून रोज मराठीतच जातात. कार्यालयाच्या परिपत्रकाने वर्तमानपत्रास, वर्तमानपत्राने वाचकास आणि वाचकाने आपल्या अर्जास तो साचा दिला, एवढे कारण पुरेसे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. ऐकलेले वाक्य पुन्हा सांगताना काय घडते? अमेरिकेतील मेरी पॉटर व लिंडा लोंबार्डी यांनी १९९० पासून याचा शोध घेतला. लोकांना एक वाक्य वाचावयास देऊन थोड्याच अवकाशात ते जसेच्या तसे म्हणण्यास सांगितले. वाक्यात ‘राजवाडा’ असून मधल्या शब्दांच्या यादीत ‘किल्ला’ आला असेल, तर कित्येकांनी वाक्य म्हणताना ‘किल्ला’ म्हटले, आणि तेच मूळ वाक्य असे त्यांना वाटले. १९९८ मध्ये त्यांनी रचनेचीही अशी परीक्षा घेतली. लक्ष्य वाक्याच्या आधी निराळ्या साच्याचे वाक्य ठेवले, तर लक्ष्य वाक्य आठवून सांगताना त्या साच्याकडे ओढले गेले. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा: मनुष्य वाक्य साठवून ठेवून काढीत नाही, तो अर्थ धरून ठेवतो आणि वाक्य नव्याने घडवतो. बहुधा ते जसेच्या तसे येते, याचे कारण त्या वाक्याचाच साचा मनात सर्वांत ताजा असतो. ताजेपणा दुसऱ्या वाक्याकडे गेला की घडणही तिकडे जाते, आणि सांगणाऱ्यास मात्र आपण अक्षरशः सांगत आहोत याची खात्री असते.

लीळाचरित्राच्या अभ्यासकास या ठिकाणी थांबावे लागते. म्हाइंभटांनी ठिकठिकाणी जाऊन, प्रत्यक्ष पाहिलेल्या व ऐकलेल्या जनांना विचारून, श्रीनागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली रिद्धपुरी लीळा संकलित केल्या. हे कार्य तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. पुढे खालशाच्या धाडीत ती पोथी नष्ट झाली आणि उत्तरकालीन आचार्यांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली. निरनिराळ्या आचार्यांच्या स्मरणाचे पाठ पोथ्यांतून नोंदलेले आहेत, आणि त्यांस ‘वासना’ म्हटलेले आहे. हा शब्द विचार करण्याजोगा आहे. अनुभव सरल्यावर चित्तात जो ठसा राहतो तीच वासना.

या वासनांत एकच लीळा कधी वेगळ्या रचनेत आढळते. प्रमेय तेच, प्रसंग तोच, वाक्याची वाट निराळी. अशा भेदावरून काही टीकाकार कोणीतरी मजकूर फिरवला असे अनुमान करतात. उलट काही श्रद्धाळू दोन वेगळे प्रसंगच मानतात. वरील विवेचन पाहता दोन्ही अनुमानांची गरज पडत नाही. प्रामाणिक व सावध मनुष्यही अर्थ जपून रचना बदलतो, आणि त्यास ते कळत नाही. अर्थातच जेथे प्रमेय बदलते, स्थान वा व्यक्ती बदलते, तेथे हा खुलासा लागू नाही. तेथे दुसरे कारण शोधले पाहिजे.

परंतु याच विवेचनाची दुसरी बाजू आहे, आणि ती अप्रिय वाटली तरी टाळता येत नाही. एखादा पाठ मूळचा कशावरून, असे विचारले असता पुष्कळदा उत्तर येते की त्याची धाटणी सर्वज्ञांच्या बोलण्याची आहे: लहान वाक्ये, थेट प्रश्न, थेट उत्तर. हा हेतू दुर्बळ आहे. जो आचार्य वर्षानुवर्षे सर्वज्ञांची वचने ऐकत व म्हणत आला, त्याच्या स्वतःच्या वाणीतही तोच साचा उतरणार. दृष्टान्तपाठातील सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक या मांडणीत मुरलेला मनुष्य स्वतःचा विचारही त्याच क्रमाने मांडतो. तेव्हा धाटणी जुळणे म्हणजे तो पाठ परंपरेतला आहे एवढेच सिद्ध होते. तो शब्दशः मूळचा आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही.

येथे कोणी विचारील, मग सूत्रपाठावरही हाच दोष येतो काय? तसे नाही. प्रयोगांतील वाक्ये एकदा ऐकून लगेच म्हणावयाची होती. एकदा ऐकलेली लीळा त्यांच्या जवळची आहे. घटना पाहिली, वर्षे लोटली, आणि विचारले असता आपल्या वाक्यात सांगितली. सूत्राचे तसे नाही. ते शेकडो वेळा त्याच क्रमाने म्हटले जाते, एकाने चुकविले तर शेजारचा थांबवतो, आणि म्हणताना ते अर्थावरून नव्याने घडवले जात नाही, एका शब्दामागून दुसरा शब्द जिभेवर येतो. अर्थ न कळलेले मूलही सूत्र बिनचूक म्हणते, हे याचे प्रमाण. यास्तव लीळेतही दोन थर वेगळे धरावेत. घटनेचे कथन हा एक, आणि त्यात आलेले वचन हा दुसरा. जे वचन केशोबासांनी सूत्रपाठासाठी निवडले व पुढे आवर्तनात राहिले, त्याच्या शब्दांवर अधिक भार ठेवता येतो. कथनाच्या शब्दांवर तेवढा ठेवू नये. त्यातील प्रमेयावर ठेवावा. प्रयोगशाळेतील मिनिटांचे निष्कर्ष सात शतकांच्या परंपरेस लावताना जपून बोलले पाहिजे हे खरे, पण थरांचा हा भेद त्या निष्कर्षांनी अधिक स्पष्ट होतो.

लेखनिकाची गोष्टही यातच येते. पोथी उतरवणारा डोळ्यांनी एक वाक्य वाचतो, मान वळवतो आणि लिहितो. वाचणे व लिहिणे यांमधील तेवढ्या क्षणात वाक्य त्याच्या मनात असते, कागदावर नसते. पाठभेद तपासताना बहुधा तेच एक वाक्य दोन पोथ्यांतून काढून शेजारी मांडले जाते. त्याऐवजी प्रत्येक पोथीत त्या वाक्याच्या मागची दोन-तीन वाक्येही पाहावीत. मागे ‘जो… तो’ची रचना ओळीने येऊन गेली असेल आणि पुढच्या वाक्यातही एकाच पोथीत तीच रचना असेल, तर तो पाठ हाताबरोबर ओढला गेला असण्याचा संभव आहे, मागच्या ओघाविरुद्ध जाणारी रचना जिने राखली, त्या पोथीचा पाठ अशा स्थळी आधी विचारात घ्यावा.